पट्टी (विकलेल्या मालाचा पैसा) आली की दुकान हलतं : निफाड तालुक्यात शेतीचा रुपया कुठवर फिरतो?

वहीवाला | ५ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

लासलगाव-विंचूर रस्त्याला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, मागच्या खोलीत मोटार रिवायंडिंग. वडिलांनी १९८६ साली घातलं, आता मी बघतो. पाडव्यानंतर खाती मिटवत बसलो होतो. पुण्याला अर्थशास्त्र शिकणारा भाचा सुट्टीला आलाय, तो शेजारी बसून मोबाइल बघत होता. मधेच म्हणाला, "मामा, देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास उरलाय." म्हटलं, असेल बाबा. मग वही त्याच्यापुढे सरकवली.

वहीत सव्वादोनशे खाती आहेत. शेतीशी संबंध नसलेली शोध म्हटलं. त्याने अर्धा तास घालवून नऊ काढली. त्यातले दोन गुरुजी निघाले, आणि दोघांच्या नावावर द्राक्षाच्या मांडवाची तार लिहिलेली. राहिली सात. त्यातलं एक सलूनवाल्याचं. तो म्हणतो, कांदा पडला की लोक दाढी घरीच करतात.

माझ्या धंद्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ऑक्टोबरला द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची) लागली की उधारी चढते, डिसेंबरात टोकाला जाते. बाग उतरायला लागली की फेब्रुवारीपासून वसुली, मार्चअखेर उन्हाळ कांद्याचा पैसा, आणि पाडव्याला जमेल तेवढं खातं चुकतं. यात कुठे खिळ बसली की माझ्याकडे लगेच कळतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. तेव्हा माझ्याकडे कांदा चाळीच्या (कांदा साठवायच्या शेडच्या) सात ऑर्डरी बोलून ठेवलेल्या होत्या. फेब्रुवारीपर्यंत चौघांनी "पुढच्या वर्षी बघू" केलं. वेल्डिंगवाल्या दोन पोरांना मी तो महिना निम्म्या रोजावर ठेवलं. त्यांचा ना कांद्याशी संबंध ना निर्यातीशी, दोघांना एक गुंठा जमीन नाही.

तर प्रश्न असा, की शेतातून आलेला रुपया आपल्या तालुक्यात किती दिवस टिकतो? कोणाकोणाच्या हातातून जातो आणि कुठून बाहेर पडतो? मोठी आकडेवारी नको. ज्याने त्याने आपापल्या गल्ल्यातलं सांगावं.

उगावची_सून | ५ एप्रिल, रात्री १०:२५

दादा, माझ्या घरची चार एकर द्राक्षबाग आहे, हिशोब मी ठेवते. एकरी साडेतीन लाख खर्च धरते. यंदाच्या वहीतून सांगते.

मजुरी एक लाख पाच हजार. छाटणी, पेस्टिंग (डोळे फुटायला लेप), फेलफुट (जादा फूट) काढणं, जीए या संजीवकाचं डिपिंग, विरळणी, सगळं आलं यात. औषधं आणि वरखतं मिळून एक लाख तीस. शेणखत, डिझेल, वीज, ट्रॅक्टरचं भाडं, पेपर लावणं, मांडवाची दुरुस्ती हे उरलेलं.

आता बाहेर काय जातं ते बघा. औषधाची बाटली कुठल्यातरी परदेशी नाहीतर गुजरातच्या कंपनीची, तालुक्यात राहतं ते दुकानदाराचं कमिशन. ठिबकची नळी जळगावची, मांडवाचा अँगल जालन्याचा. शेणखतसुद्धा आता बाहेरच्या तालुक्यातून ट्रकने येतं, कारण आपल्याकडे जनावरं राहिली कुठे? मजुरी पेठ-सुरगाण्याला जाते. ती मला बाहेर गेल्यासारखी वाटत नाही, पण ते त्यांच्याकडचं कोणी सांगेल.

म्हणजे साडेतीन लाखातले तालुक्यात फिरतात ते लाखभर असावेत. बाग चांगली विकली तर जे वर उरतं, तेच खरं इथे खर्च होतं. घर, लग्न, सोनं, पोरांच्या फिया. आणि बागेचं "वर उरणं" तीन वर्षांतून एकदा.

पुणेरी_निफाडकर | ५ एप्रिल, रात्री ११:०२

धागा आवडला. एक वेगळी बाजू मांडतो, मारू नका. शेतीला आयकर नाही, वीज सवलतीत, दोन वेळा कर्जमाफी (२०१७ आणि २०१९), वर अनुदानं. तालुक्यात फिरतो तो सगळा शेतीचा रुपया म्हणता, त्यात करदात्याचाही बराच आहे की. आणि कांदा ८० रुपये झाला की शहरातला माणूसही रडतो.

उगावची_सून | ५ एप्रिल, रात्री ११:१५

भाऊ, औषधावर मी १८ टक्के जीएसटी भरते. खतावर ५, ठिबक घेतलं तेव्हा त्यावर १२ भरले. तुमचा कंपनीवाला भरलेला जीएसटी पुढच्यातून वळता करून घेतो. मी द्राक्ष विकते त्यावर जीएसटी नाही, मग वळता कुठून करू? एकरी लाखभराच्या औषधात पंधरा हजार सरकारचे होतात, बाग गेली तरी होतात.

बाकी रडण्याचं म्हणाल तर तुमच्या घरात महिन्याला कांदा किती लागतो, सांगा बरं.

पुणेरी_निफाडकर | ५ एप्रिल, रात्री ११:३१

आम्ही चौघं. बायकोला विचारलं, सहा किलो म्हणाली. किलोमागे ४० वाढले तर २४० रुपये. एका पिझ्झाच्या आत. ठीक आहे, तो मुद्दा मागे.

करदात्याचा मुद्दा मागे घेत नाही, तो वेगळा आहे.

काटा_आणि_मुनीम | ६ एप्रिल, सकाळी ७:१०

मी व्यापाऱ्याच्या बाजूने लिहितो, म्हणजे शिव्यांची सोय झाली.

सन १९४७ पासून लासलगावला बाजार समिती आहे. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून पाहुण्यांना दाखवतात. लोकांना दिसतो तो लिलाव: ट्रॅक्टरची रांग, ट्रॉलीवर उभा राहून बोली, दोन मिनिटांत सौदा. खरं काम नंतर सुरू होतं. काट्यावर वजन, खळ्यावर माल उतरवणं, निवड, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी, खाद (हलका माल) वेगळी, बारदान, शिलाई, गाडी भरणं. पाच रुपये खर्चून मी पन्नास पैसे कमावतो असं मी म्हणणार नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही. पण माझ्या खळ्यावर सीझनला चाळीस माणसं असतात, आणि त्यातली तीस बायका.

वहीवाल्यांनी डिसेंबर २०२३ चा विषय काढला म्हणून सांगतो. तो जवळपास चार महिने आधी सुरू झाला होता. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क. ओरड झाली तेव्हा नाफेडकडून २४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन घेऊ म्हणाले. सप्टेंबरात आम्ही व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, जवळपास दोन आठवडे. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात थेट बंदी, आणि आठवडा-दहा दिवसांत भाव निम्म्यावर. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात शुल्क २० वर आलं, आणि ते आत्ता कुठे १ एप्रिलला गेलं.

गिऱ्हाईक मात्र तारखा बघून थांबत नाही. मलेशियाचा, श्रीलंकेचा माणूस दोनदा तोंड पोळल्यावर पाकिस्तानकडून, चीनकडून घेतो. मग आपण उघडलं तरी तो पहिल्यासारखा फोन करत नाही.

माथाडीची_लेक | ६ एप्रिल, सकाळी ८:४५

मुनीमकाका, चाळीस माणसं मोजलीत, बरं वाटलं. लिलाव बंद ठेवले तेही सांगितलंत. त्या दोन आठवड्यांत त्या चाळीस माणसांनी काय खाल्लं ते राहिलं, ते मी सांगते.

माझे वडील मार्केटला हमाल. काम झालं तर पैसे, लिलाव बंद तर घरी. सप्टेंबर २०२३ ला बंद. परत २०२४ च्या मार्चअखेरपासून एप्रिलपर्यंत लेव्हीच्या (हमालीवर माथाडी मंडळाला जाणाऱ्या रकमेच्या) वादात बंद. तेव्हा भांडण आमच्यात आणि व्यापाऱ्यांत, आणि ट्रॅक्टर उभे शेतकऱ्यांचे. तिघांपैकी कोणीच कमावलं नाही. आई खळ्यावर निवडीला जाते. तिचाही रोज बुडाला. एकाच घरातले दोन्ही रोज एकाच दिवशी बंद होतात, हे बाहेरच्यांना कळत नाही.

वहीवालेदादा, तुमच्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर सोपं आहे. वडिलांचा रुपया लासलगावच्या बाहेर जातच नाही. संध्याकाळी मिळतो, रात्री किराणा दुकानात. राहिला तर शनिवारी भिशीत.

वहीवाला | ६ एप्रिल, सकाळी ९:२०

ताई, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. शेतकरी माझ्याकडे वर्षातून दोनदा पैसे देतो, हमाल रोख देतो. फेब्रुवारी-मार्च सोडला तर दुकानाचं लाइटबिल हमाल-मापाड्यांच्या रोखीवर निघतं. नळाची तोटी, कुलूप, पत्र्याचे जे-हूक अशी बारीक खरेदी, पण रोज.

दोन_शिक्षकी | ६ एप्रिल, दुपारी १:०५

उगावच्या ताईंनी आवाज दिला म्हणून लिहितो. सुरगाणा तालुक्यात शिक्षक आहे, अकरा वर्षं झाली.

तुमची ऑक्टोबरची छाटणी म्हणजे माझा रिकामा वर्ग. भात कापून झाला की पिकअप येतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, कोणाला आजारपणाला, कोणाला लग्नाला. ती फिटेपर्यंत टोळी बांधलेली. एकरावर ठेका घेतात, नवरा-बायको दोघं राबतात आणि पोरगं बांधावर धाकट्याला सांभाळतं. होळीला सगळे परत येतात. आमच्याकडे होळी दिवाळीपेक्षा मोठी, ती श्रद्धेने आहे तशी या पैशानेही आहे. होळीच्या आधीच्या बाजारात पत्रे, भांडी, मोबाइल, एखादी जुनी मोटारसायकल अशी खरेदी होते. गावात कौलं जाऊन पत्रे आले ते द्राक्षाच्या पैशाने. म्हणजे निफाडचा रुपया डोंगर चढून इथवर येतो, यात वाद नाही.

पण त्याची किंमत माझ्या हजेरीपटावर असते. चौथीतली मुलगी विरळणीत हुशार आहे म्हणून तिची आई मला कौतुकाने सांगते. काय बोलणार?

अलीकडे बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरी व्हायला लागली. जे करतात ते खाली कमी येतात. तुमच्याकडे "मजूर मिळत नाही" ही तक्रार वाढली असेल तर एक कारण हे.

कडवाकाठ | ६ एप्रिल, दुपारी ३:३०

मंडळी कांदा-द्राक्षातच अडकली. तालुक्याची दुसरी बाजू बघा, चांदोरी, सायखेडा, करंजगाव. ऊस आणि पाणी.

नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कडवा एकत्र येतात. तिथला बंधारा इंग्रजांच्या काळातला. त्याचे कालवे जातात कोपरगाव, राहाता, पुढे वैजापूरकडे. धरण आमच्याकडे, गाळ आमच्याकडे, पूर आमच्याकडे, आणि ओलिताचा मोठा हिस्सा खाली. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टला सायखेड्याच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. दुकानदाराचा माल भिजला तो कुठल्या शेतीच्या खात्यात धरायचा? पक्षी मात्र खूश आहेत, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. हिवाळ्यात रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. चहा-भज्यावाल्यांची चार महिने सोय होते, तेवढीच.

दुसरं. आमच्याकडचा साखर कारखाना बंद पडला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कामगारांचे पगार थकले एवढंच पेपरात आलं. पण गव्हाणीसमोरच्या सहा हॉटेलांतली पाच गेली. टायरवाला गेला. बैलगाडीची धाव बसवून देणारा लोहार गेला, तो आता गॅरेजला हाताखाली आहे. ऊस मेला नाही, तो दुसऱ्या तालुक्यातल्या कारखान्याला जायला लागला. पीक तेच, टनेज तेच, शेतकऱ्याला पैसे थोडे उशिरा पण मिळाले. गावातला बाजार तेवढा उठून गेला. वहीवाले, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यात आहे. माल कुठे पिकतो यापेक्षा त्याच्यावर काम कुठे होतं ते बघा.

काटा_आणि_मुनीम | ६ एप्रिल, दुपारी ४:१२

कडवाकाठ, शेवटच्या वाक्याला +१. आणि कंटेनर इथेच भरून पाठवायच्या ड्रायपोर्टची चर्चा ऐकून ऐकून कान किटले, हेही त्यात घाला.

निवृत्त_शाखाधिकारी | ६ एप्रिल, सायंकाळी ६:५०

मी एका बँकेत तीस वर्षे होतो, त्यातली नऊ याच तालुक्यात. दोन गोष्टी.

एक, हात बदलत फिरणाऱ्या रुपयाला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. एका रुपयाने गावात किती रुपयांचे व्यवहार घडले, ते मोजायचे. माथाडीच्या लेकीचे वडील आणि वहीवाले यांच्यातला जो व्यवहार आहे, तो गुणक वाढवतो. औषधाची बाटली कमी करते. तुम्ही सगळे तेच आपापल्या भाषेत सांगत आहात, आणि माझ्या मते आमच्या अहवालांपेक्षा बरे सांगत आहात.

दोन, व्याज. याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. पीककर्ज वेळेत भरले तर तीन लाखांपर्यंत चार टक्के पडते, कारण सातातले तीन टक्के सरकार सोसते. आता नोव्हेंबर २०१६ आठवा. जुन्या नोटा बदलून देण्याचा अधिकार जिल्हा सहकारी बँकांकडून चारपाच दिवसांत काढून घेतला. आधीच अशक्त असलेल्या बँका त्यात बसल्या. ठेवी अडकल्या, गावोगावच्या विकास सोसायट्यांना वाटपाला पैसा उरला नाही. मग शेतकरी गेला कुठे? पतसंस्थेकडे, आणि औषधाच्या दुकानदाराकडे. तिथे अठरा ते चोवीस टक्के, कधी ते दिसतही नाही, बाटलीच्या दरात मिसळलेले असते. एकरी दीड लाख उधार उचलले तर चार आणि चोवीस यांतला फरक सहा महिन्यांत पंधरा हजार होतो. कांद्याला शंभर रुपये भाव वाढल्याची बातमी होते, हे पंधरा हजार कुठे छापून येत नाहीत.

वसुलीला आम्ही ट्रॅक्टर ओढून आणायचो, तेही केले आहे. आजही काही दारांवरून जाताना मान खाली जाते.

उगावची_सून | ६ एप्रिल, सायंकाळी ७:३०

काका, दुकानदाराचं व्याज अगदी खरं. आणि त्यात अजून एक, ज्याची उधारी त्याचंच औषध घ्यावं लागतं. तो सांगेल ते मारायचं. मी कितीदा नको असलेलं टॉनिक आणलंय, बोलायची सोय नसते.

एचएएल_कॉलनी | ६ एप्रिल, रात्री ८:४०

ओझरचा आहे. आमच्याकडे १९६४ साली विमानाचा कारखाना आला. वडील फिटर होते. महिन्याच्या महिन्याला पगार, ही गोष्ट अख्ख्या तालुक्यात निराळी होती. दसऱ्याला बोनस झाला की पिंपळगावच्या सराफाकडे रांग.

पण गंमत बघा. वडिलांनी पीएफमधून पैसे उचलून काकांच्या बागेत ठिबक बसवलं. शेजाऱ्यांच्या दोन-तीन घरांतही हेच. म्हणजे कारखान्याचा पगार शेतात जिरला. आणि २००३-०४ च्या सुमाराला काकांच्या बागेने माझं डिप्लोमाचं शिक्षण केलं. यात शेतीचा रुपया कुठला, नोकरीचा कुठला, सांगता येत नाही. भाच्याला म्हणावं, ते अठरा टक्के घरात शिरल्यावर ओळखू येत नाहीत.

पाण्याचं कडवाकाठने काढलं म्हणून सांगतो. ओझरला वाघाड धरणाच्या कालव्याचं शेपूट येतं. वर दिंडोरीकडेच पाणी संपायचं, आमच्यापर्यंत कालवा कोरडा. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, १९९१ च्या आसपास. पाणी मोजून घ्यायचं, मोजून पैसे भरायचे, वाटपाची जबाबदारी शेतकऱ्यांची. पुढे अख्ख्या वाघाडवर तसं झालं. ज्या शिवारात बाजरी आणि हुलगा व्हायचा तिथे द्राक्ष उभी राहिली. नवीन पाणी आणलं नाही हो, होतं तेच पुरवलं. कारखाना आला तेव्हा मंत्री आले होते. पाणी आलं तेव्हा चहा झाला.

पुणेरी_निफाडकर | ६ एप्रिल, रात्री ९:५५

काल जरा घाईत लिहिलं. आज वडिलांशी बोललो. आमच्या घरचंच सांगतो.

वडील निर्यातदारामार्फत एक्सपोर्ट करायचे. २०१० ला युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखायचं औषध) सापडलं, म्हणजे आपलं लिहोसीन. कंटेनर तिकडे अडकले, परत आले, काही तसेच फेकले. आमचा मालही त्यात होता. निर्यातदाराने वर्षभर झुलवलं आणि शेवटी जे दिलं त्यात पॅकिंगचा खर्चही निघाला नाही. माझं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष होतं. एज्युकेशन लोन काढलं, पुण्यात नोकरी लागल्यावर मी ते फेडलं. वडिलांना दुःख द्राक्षाचं नव्हतं. फवारणी वेळापत्रकाप्रमाणे केली होती, तरी कागदावर आपण चोर ठरलो, याचं होतं.

नंतर रेसिड्यूच्या (औषधाच्या उरलेल्या अंशाच्या) तपासण्या कडक झाल्या. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीत, प्लॉटची नोंद आधीपासून होतीच, पण लॅब, पॅकहाऊस सगळंच कडक झालं. माझे दोन वर्गमित्र आज त्या लॅबमध्येच आहेत. त्या संकटातून तालुक्यात नवीन नोकऱ्या आल्या, हेही तितकंच खरं.

कर्जमाफीवर माझं मत अजून तेच आहे. वडिलांचंही तेच आहे, कारण त्यांनी नियमित भरलं आणि त्यांना काही मिळालं नाही.

टोमॅटोचा_क्रेट | ६ एप्रिल, रात्री १०:२०

पिंपळगावचा एक सीझन सांगतो. ऑगस्ट २०२३, वीस किलोचा क्रेट दोन हजाराला. गावात तीन बुलेट आल्या. सप्टेंबरअखेर क्रेट शंभराच्या आत, तोडणी निघेना, रस्त्यावर ओतला. बुलेटचा हप्ता चालूच. धन्यवाद.

काटा_आणि_मुनीम | ६ एप्रिल, रात्री १०:२८

कविता आहे ही.

वैनतेय_काठची | ७ एप्रिल, सकाळी ११:४०

सगळं वाचलं. लग्नाचं कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलते. माझा भाऊ एकतीसचा, सहा एकर बागायत, बोअरला पाणी, घर स्लॅबचं. मुलगी मिळत नाही. नाशिकला अंबडच्या कंपनीत पंधरा हजारावर हेल्पर असलेल्या चुलतभावाचं लग्न झालं. मुलीचे वडील स्वतः द्राक्षवाले, ते म्हणाले, "मला बाग माहीत आहे, म्हणूनच देत नाही."

आता भाऊ नाशिकला फ्लॅट बघतोय, केवळ बायोडाटात लिहायला. वहीवालेदादा, रुपया कुठून बाहेर पडतो विचारलंत ना? गेल्या दहा वर्षांत आमच्या गल्लीतल्या सात घरांनी नाशिकला फ्लॅट घेतले. चांगल्या सालाचा सगळा पैसा तिकडे. मुलं तिकडे शाळेत, आई त्यांच्याजवळ, बाप इथे बागेत. किराणाही तिकडचाच भरला जातो.

उगावची_सून | ७ एप्रिल, सकाळी ११:५८

आमचाही आहे. गंगापूर रोडला. गप्प बसते.

निवृत्त_शाखाधिकारी | ७ एप्रिल, दुपारी १२:३०

वैनतेय काठच्या ताईंनी माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीतले निरीक्षण चार ओळींत लिहिले. ठेवी इथल्या शाखेत जमा व्हायच्या आणि गृहकर्जे नाशिकच्या शाखेतून निघायची. आमच्या शाखेचे कर्ज-ठेव प्रमाण कायम कमी, वरून पत्र यायचे.

दोन_शिक्षकी | ७ एप्रिल, दुपारी २:१५

आमच्या इथून तुमच्याकडे मजूर, तुमच्याकडून नाशिकला पोरं. आणि नाशिकचे लोक रविवारी आमच्याकडे धबधबे बघायला येतात.

कडवाकाठ | ७ एप्रिल, दुपारी ४:००

प्रक्रियेचं माझं वाक्य सगळ्यांना पटलं म्हणून पुढचंही लिहितो, नाहीतर "उद्योग आणा" एवढ्यावर विषय संपेल. विंचूरला वाईन पार्क आहे. २००१ च्या राज्याच्या वाईन धोरणानंतरचा. चांगली गोष्ट. पण वाईनची द्राक्षं वेगळी, थॉमसन किंवा सोनाका नेऊन तिथे कोणी घेत नाही. खाण्याची द्राक्षं राहिली तर बेदाणा, त्याची मोठी पेठ तासगाव-सांगलीला. कांद्याचं निर्जलीकरण गुजरातेत महुव्याला जोरात चालतं, आपल्याकडे तुरळक. आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ आपली आणि कांद्याची पावडर तिकडची.

याचं कारण भांडवल नाही असं मला वाटतं. पांढरा कांदा सुकवायला चांगला, आपला लाल आणि उन्हाळ खायला चांगला. शिवाय कच्च्या मालाचा भाव सरकारच्या एका आदेशाने आठवड्यात निम्मा किंवा दुप्पट होणार असेल, तर कारखान्याला कर्ज देताना बँक काय लिहील, ते शाखाधिकारी काकांनी सांगावं.

निवृत्त_शाखाधिकारी | ७ एप्रिल, सायंकाळी ५:१०

"प्रस्ताव तूर्त विचाराधीन."

काटा_आणि_मुनीम | ७ एप्रिल, सायंकाळी ५:३०

हाहा. काका फॉर्मात.

जुन्या लोकांसाठी एक आठवण. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या आंदोलनात खेरवाडीला रेल्वे अडवली होती. उसाला टनाला ३०० आणि कांद्याला रास्त भाव, या मागणीला. गोळीबारात दोन शेतकरी गेले. माझे वडील व्यापारी, तरी दुकान बंद करून पिंपळगावच्या सभेला गेले होते. कारण विचारलं तर म्हणायचे, "ज्याच्याकडून घेतो त्याच्याच खिशात नसेल तर पुढच्या साली आणेल काय?" आजच्या व्यापाऱ्यांत असं कोणी गेलं असतं का? मी गेलो असतो का, माहीत नाही.

वहीवाला | ७ एप्रिल, रात्री ९:१५

दोन दिवस दुकानात गर्दी होती म्हणून उशिरा येतोय. सगळ्यांचं वाचलं, भाच्यालाही वाचायला लावलं.

काल रात्री आम्ही दोघांनी मिळून एक उद्योग केला. मागच्या वर्षीची वही घेतली आणि माझ्या खरेदीची बिलं घेतली. शंभर रुपयांच्या विक्रीत माझ्याकडे माल येतो त्याचे अठ्ठ्याहत्तर रुपये जालना, जळगाव, अहमदाबाद, कोइमतूर असे बाहेर जातात. राहतात बावीस. त्यातून दोन पोरांचा पगार, गाळ्याचं भाडं, लाइट, बँकेचं व्याज, बुडालेली उधारी. रिवायंडिंगचं मात्र उलटं. मोटार जळाली तर शंभरातली तांब्याची तार चाळीस-पंचेचाळीसची, बाकी सगळी मजुरी, म्हणजे इथेच. भाचा म्हणतो, मामा, तुझं दुरुस्तीचं दुकान तालुक्याला विक्रीच्या दुकानापेक्षा जास्त कामाचं आहे. मला ते कडू लागलं, कारण मी दरवर्षी विक्री वाढवायच्या मागे असतो आणि रिवायंडिंगच्या मिस्त्रीला "जागा अडवतोस" म्हणतो.

फ्लॅटचं वाचून बायकोने माझ्याकडे बघितलं. आम्हीही मागच्या वर्षी टोकन दिलंय.

कांदा आज माझ्या गिऱ्हाइकांना क्विंटलला साडेअकरा-बाराशेच्या आतबाहेर गेला. शुल्क काढल्याचा आनंद अजून गल्ल्यात आलेला नाही. ज्यांना जमतंय ते चाळीत भरतायत, म्हणजे पाडव्याला राहिलेली खाती आता दसऱ्यापर्यंत गेली.

टोमॅटोचा_क्रेट | ७ एप्रिल, रात्री ९:४०

वहीवाले, अवांतर. २५ टनी चाळीला अँगल किती लागेल आणि आजचा दर काय? यंदा कांदा घरातच ठेवावा म्हणतोय.

वहीवाला | ७ एप्रिल, रात्री ९:४४

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लांबी-रुंदी पाठवा, मग सांगतो. पैसे कधी देणार तेही त्यातच लिहा.

टोमॅटोचा_क्रेट | ७ एप्रिल, रात्री ९:५२

बुलेट विकली की.